लेखामागे उभे राहिलेले भाविक

धर्माच्या आडून चाललेला गैरप्रकार छापणाऱ्याला लोक आधी पुरावा मागतात, आणि तो मागितलाच पाहिजे. मुंबईच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकाचं मोल त्या पुराव्यात आहे. करसनदास मुळजी यांच्या या पत्रात 21 ऑक्टोबर 1860 रोजी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांवर लेख आला. भाविकांच्या लेकीसुनांना गुरू भ्रष्ट करतात, असा थेट आरोप त्यात होता, तोही जदुनाथजी महाराजांचं नाव घेऊन. महाराजांनी संपादकावर आणि मुद्रक नानाभाई राणिना यांच्यावर 50,000 रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. लेख जहाल होता, पण जहालपणा कोर्टात टिकत नाही, तिथं साक्षी लागतात. महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला वाळीत टाकायचं, असं त्यांना मानणाऱ्या भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी 1861 मध्ये ठरवलं. त्या कटापायी त्यांनाच दंड झाला. मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी हे त्याच समाजातले लोक साक्षीला उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल शपथेवर सांगितलं. 22 एप्रिल 1862 रोजी निकाल मुळजींच्या बाजूनं लागला.

यावर आक्षेप असा, की परक्या न्यायाधीशांनी आमचा धर्म ठरवायचा कोण? त्यात तथ्य आहे. मूळ हिंदू धर्म कोणता आणि हा पंथ किती नवा, यावर कोर्टात झालेला खल मला अनाठायी वाटतो. पंथ नवा असणं हा दोष नव्हे. पण तो भाग वगळला तरी साक्षी उरतातच. अशा लेखनानं साऱ्या भाविकांची बदनामी होते, हा दुसरा आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. साक्ष दिली ती भाविकांच्याच समाजातल्या लोकांनी, आणि गुरूंनी नासवल्या त्या त्यांच्याच घरच्या बायका.

असा गैरप्रकार छापणाऱ्या धुळे-जळगावच्या बातमीदाराच्या हाती आज 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात दैवी शक्ती आहे किंवा मागल्या जन्मी तू माझी बायको होतीस, असं भासवून शरीरसंबंध ठेवणं हा त्यानुसार गुन्हा आहे. बाईला डाकीण ठरवून छळणं, हाही. त्यामुळे श्रद्धेच्या वादात न शिरता कृत्यावर बोट ठेवता येतं. भावकीचा बहिष्कार मात्र 1861 सारखाच धाक घालतो. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल असं काहीही छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्याचं नाव आणि नवऱ्याचा धंदा एवढं छापलं तरी ती कोण, हे आठवडी बाजारात सगळ्यांना कळतं.