कॅरमचें पॉकेट केवढें असावें?

कॅरमची फळी ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आमच्या कुरुळीच्या परिसरांत विरळाच. परंतु ज्यांत सोंगटी जावी म्हणून एवढी धडपड चालते, त्या पॉकेटाच्या आकाराकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. एका फळीवर सरसर सोंगट्या घेणारा गडी दुसऱ्या फळीवर चुकतो आणि आपल्या हाताला दोष देतो. हा दोष नेहमीं हाताचाच असतो काय, याचा येथें विचार करूं.

स्पर्धेच्या नियमांप्रमाणें पॉकेटाचा व्यास ४.४५ सेंटिमीटर असतो. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तिला सव्वा ते दीड सेंटिमीटरच मोकळीक मिळते. पूल या खेळांत चेंडू सुमारें ५.७ सेंटिमीटरांचा, तर कोपऱ्याच्या पॉकेटाचें तोंड त्याच्या जवळजवळ दुप्पट असतें. स्नूकर व बिलियर्ड्स यांच्या १२ फुटी टेबलावर मात्र तोंड अरुंद व कडा गोलाकार असल्यामुळें जोरानें आलेला चेंडू पुष्कळदां परत फिरतो. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते ठरले, ते असल्याच टेबलावर.

आतां समजा, पॉकेटाची मोकळीक एक तृतीयांशानें कमी केली. याचा परिणाम सर्वांवर सारखा होईल काय? मोठ्या पॉकेटांत शंभरांपैकीं २० सोंगट्या घेणारा नवशिका, ७० घेणारा मध्यम आणि ९९ घेणारा निष्णात असे तीन खेळाडू घेऊं. नेमाच्या चुका मधल्या रेषेच्या दोहों बाजूंस सारख्याच विखुरतात असें धरून हिशेब केल्यास हे आंकडे अनुक्रमें सुमारें १३, ५० व ९१ होतात. सर्वांत अधिक सोंगट्या मध्यम खेळाडूच्या जातात. कारण त्याच्याच पुष्कळ सोंगट्या कडेला चाटून आंत पडत असतात.

तर मग निष्णाताचें नुकसान थोडें म्हणावें काय? नाहीं. ओळीनें नऊही सोंगट्या घेणें त्याला पूर्वीं शंभरांत ९१ वेळां साधे; आतां सुमारें ४३ वेळांच साधेल. एकेका फटक्यांतील लहानसा तोटा डाव लांबला म्हणजे असा वाढत जातो.

यावरून आमचें मत असें कीं, नवशिक्या मुलांस आरंभीं मोठ्या पॉकेटांची फळी द्यावी. वारंवार अपयश आल्यास त्यांचा हुरूप खचतो. हात थोडा बसतांच मात्र नियमाच्या फळीवर यावें, नाहींतर सैल नेमाची संवय जडते. आणि वर्गावर्गांतील सामने तर सर्वांनीं मोजलेल्या फळीवरच खेळावे. चाकणच्या कारखान्यांत यंत्राचा भाग गेजनें तपासतात, तसा स्ट्रायकर हाच आपला गेज समजावा. नियमाप्रमाणें त्याचा व्यास जास्तींत जास्त ४.१३ सेंटिमीटर असतो. तेवढा स्ट्रायकर पॉकेटाच्या मधोमध धरल्यास भोंवतीं सर्वत्र दीड मिलिमीटरांच्या आसपास फट दिसली पाहिजे. ती फार मोठी दिसली, तर विजयाचा अर्धा मान सुताराला द्यावा!