समृद्धिवर्ग, प्रज्ञावंत बालकांचे

प्राथमिक शाळेतील असामान्य बुद्धीच्या मुलांना ठराविक वेळी नेहमीच्या वर्गातून बाहेर काढून, एकत्र बसवून व स्वतंत्र शिक्षकाच्या हाती सोपवून अभ्यासक्रमापलीकडचे शिक्षण देण्याची पद्धती. हा काळ आठवड्यातील दोनतीन तासांपासून एका पूर्ण दिवसापर्यंत असतो; उरलेला वेळ ही मुले समवयस्कांबरोबरच शिकतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धती ‘पुल-आउट’ ह्या नावाने रूढ आहे. इझ्राएलमध्येही आठवड्याचा एक दिवस राखून ठेवून ती अवलंबिली जाते. मुलाला वरच्या इयत्तेत चढविणे किंवा पूर्णवेळ वेगळा वर्ग काढणे, हे तिचे दोन प्रमुख पर्याय होत.

ह्या पद्धतीमागील मूळ प्रश्न मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ ह्यांनी नेमकेपणाने मांडला. सु. १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा सामान्य वर्गातील निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या पुढील मुलाचा जवळजवळ सर्वच, असे त्यांचे निरीक्षण होते. न्यूयॉर्कमधील स्पेअर स्कूलमध्ये १९३६ पासून त्यांनी अशा मुलांचे वर्ग चालविले. तेथे नेमलेला अभ्यास थोड्या वेळात संपे आणि उरलेल्या वेळी मुले अन्न, वस्त्र, निवारा, कालमापन, वाहतूक ह्यांसारख्या नित्याच्या गोष्टी मानवाने कशा घडविल्या ह्याचा शोध घेत. हे वर्ग पूर्णवेळ होते; तथापि पुढील समृद्धिवर्गांतील आशयाची बीजे त्यांत आढळतात. शतकाच्या मध्यास पिट्सबर्गच्या कोलफॅक्स शाळेत अर्धा दिवस कार्यशाळेत व अर्धा दिवस नेहमीच्या वर्गात, अशी व्यवस्था रूढ झाली होती.

१९५७ मध्ये सोव्हिएट रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत बुद्धिमान मुलांकडे राष्ट्रीय संपत्ती म्हणून पाहिले जाऊ लागले. १९७२ च्या मार्लंड अहवालाने केवळ बुद्ध्यंकावर न थांबता सर्जनशीलता, नेतृत्व, कला इ. क्षमतांचाही प्रज्ञावंततेत समावेश केला आणि किमान ३ ते ५ टक्के विद्यार्थी ह्या वर्गात मोडतात, असे मानले. पूर्णवेळ वर्गापेक्षा कमी खर्चाची व शाळेची घडी न मोडणारी म्हणून ‘पुल-आउट’ पद्धती त्यानंतर झपाट्याने पसरली. तिच्या प्रसारास शिक्षणशास्त्रीय कारणांइतकीच प्रशासकीय सोयही कारणीभूत होती, हे विसरता येत नाही.

ह्या वर्गांना सैद्धांतिक बैठक दिली ती कनेटिकट विद्यापीठाच्या जोसेफ रेंझुली ह्यांनी. त्यांच्या १९७७ च्या त्रिस्तरीय आराखड्यात पहिला स्तर नव्या विषयांची ओळख करून देण्याचा, दुसरा विचारप्रक्रिया व संशोधनाची कौशल्ये शिकविण्याचा आणि तिसरा मुलाने एखाद्या खऱ्याखुऱ्या प्रश्नाचा स्वतः शोध घेण्याचा आहे. उदा., गावच्या ओढ्याच्या पाण्याची नियमित तपासणी करून तिचा निष्कर्ष नगरपालिकेपुढे ठेवणे. रेंझुली ह्यांच्या मते पहिले दोन स्तर सर्वच मुलांना उपयुक्त आहेत. म्हणून १९८१ मध्ये त्यांनी ‘फिरत्या दाराची’ योजना सुचविली. तीनुसार १५ ते २० टक्के मुलांचा गट ठेवून, ज्याला ज्या वेळी शोधाची ओढ लागेल त्याने त्या वेळी साधनकक्षात यावे व काम संपताच परत जावे. प्रत्यक्षात अनेक शाळांतून कोडी, बुद्धिबळ, सहली व नाट्यप्रवेश एवढ्यावरच समृद्धीकरण थांबे. ह्यावर हॅरी पॅसो ह्यांनी दिलेली कसोटी मार्मिक आहे : जे सर्व मुलांना आवडेल, सर्वांना जमेल आणि सर्वांनी करावयास हवे, ते प्रज्ञावंतांपुरते राखून ठेवण्याचे कारण नाही.

ह्या पद्धतीवर दोन मुख्य आक्षेप आहेत. एक असा, की मूल आठवडाभर प्रज्ञावंत असते. त्याच्या गरजेला काही तासांचेच उत्तर मिळते आणि उरलेल्या वेळी पूर्वीचाच कंटाळा कायम राहतो. शिवाय बाहेर असताना बुडालेला पाठ व गृहपाठ त्याच्याकडून भरून घेतला जातो. म्हणजे निवड झाल्याची शिक्षाच त्यास होते. दुसरा आक्षेप निवडीबाबत आहे. शिक्षक वा पालक ज्यांची शिफारस करतील त्यांचीच चाचणी होत असल्याने गरीब व अल्पसंख्य घरांतील हुशार मुले नजरेआड राहतात. फ्लॉरिडातील एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात दुसरीच्या सर्व मुलांची चाचणी घेतली तेव्हा, पात्रतेचा निकष तोच असूनही, अशा मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले, हे डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो ह्यांनी २०१६ मध्ये दाखविले. वृद्धी झाली ती बुद्धीत नव्हे, शोधणाऱ्याच्या दृष्टीत.

परिणामांविषयीचा पुरावा संमिश्र आहे. १९९१ मधील एका एकत्रित विश्लेषणात नऊ अभ्यासांवरून संपादन, चिकित्सक विचार व सर्जनशीलता ह्यांवर इष्ट परिणाम आढळला. मुलांच्या आत्मप्रतिमेत मात्र फरक दिसला नाही. २०२१ च्या एका राष्ट्रव्यापी अमेरिकी अभ्यासात प्रज्ञावंतांच्या कार्यक्रमांचा वाचनावरील लाभ अल्प व गणितावरील त्याहूनही कमी निघाला.

महाराष्ट्रात पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने १९६२ मध्ये निरनिराळ्या शाळांतील निवडक विद्यार्थ्यांसाठी पूरक उपक्रमांनी कार्यास प्रारंभ केला आणि १९६९ मध्ये स्वतःची प्रशाला काढली. मुलांना वर्गातून न उठविता शाळेबाहेरच्या वेळी एकत्र आणणे, हा तिच्या आरंभीच्या कार्याचा अमेरिकी पद्धतीहून असलेला फरक होय.