माप आणि तोल : लहान बाह्यग्रहांच्या वस्तुमानाचे अनुमान

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या ज्वारी-बाजरीच्या मुलखात धान्य पूर्वी पायली-अधोलीने मापून दिले-घेतले जाई. पायली हे आकारमानाचे माप होय, वजनाचे नव्हे. ज्वारीची पायली आणि त्याच ज्वारीच्या लाह्यांची पायली डोळ्यांस सारखीच भरलेली दिसते. तराजूत मात्र त्यांचा मेळ बसत नाही. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली व व्यवहार किलोवर गेला. तथापि 'मापणे' आणि 'तोलणे' या क्रियापदांतील भेद मराठीत टिकून आहे. सूर्याव्यतिरिक्त अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या, म्हणजे बाह्यग्रहांच्या, अभ्यासातील एक मूलभूत अडचण नेमकी याच भेदातून उद्भवते.

ग्रह ताऱ्यासमोरून सरकला म्हणजे ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. ही घट उभयतांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी असते. दूरस्थ निरीक्षकास पृथ्वीमुळे सूर्याचा प्रकाश दशलक्षात सुमारे ८४ भागच कमी झालेला आढळेल. या रीतीने केप्लर दुर्बिणीने (२००९-२०१८) दोन हजारांहून अधिक ग्रह उजेडात आणले. परंतु हाती आले ते केवळ माप. तोल हवा असल्यास ग्रहाच्या ओढीने ताऱ्यास बसणारा हेलकावा मोजावा लागतो, आणि पृथ्वीमुळे सूर्याच्या वेगात पडणारा फरक सेकंदास अवघा ९ सेंटिमीटर असतो. शेजारी ग्रहांच्या परस्पर ओढीमुळे त्यांच्या वेळा मागेपुढे होतात, त्यावरूनही तोल काढता येतो. पण अशी सोय क्वचितच लाभते. सबब बहुतेक लहान ग्रहांच्या बाबतीत त्रिज्येवरून वस्तुमानाचे अनुमान करणे प्राप्त होते.

असे एक सूत्र लॉरेन वाइस व जेफ्री मार्सी यांनी २०१४ मध्ये मांडले. पृथ्वीची त्रिज्या १ मानल्यास, सुमारे दीडपर्यंत त्रिज्या असलेल्या ग्रहाची घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅम) २.४३ + (३.३९ × त्रिज्या) इतकी येते. त्रिज्या १.५ घेतल्यास घनता सुमारे ७.५ होते. आकारमान पृथ्वीच्या ३.३७५ पट आणि पृथ्वीची घनता ५.५, म्हणून वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ४.६ पट ठरते.

आता पडताळा पाहू. केप्लर-३६ ब या ग्रहाची त्रिज्या सुमारे १.५ आणि वस्तुमान सुमारे ४.५ आहे; येथे सूत्र लागू पडते. केप्लर-१३८ ड याची त्रिज्याही जवळजवळ १.५ आहे, परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे वस्तुमान सुमारे २.१ च निघाले. त्यात पाण्याचा अंश मोठा असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. पायली एकच, धान्ये दोन! केप्लर-३६ ब याचा शेजारी क हा तर ३.७ त्रिज्येचा, सुमारे ८ वस्तुमानाचा आणि पाण्याहूनही कमी घनतेचा आहे. हायड्रोजन-हीलियमच्या हलक्या वेष्टनाने तो लाहीसारखा फुलला आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. समान आकाराच्या ग्रहांत जड ग्रह ताऱ्यास अधिक हलवितो; म्हणून हेलकाव्याच्या रीतीने तोच आधी तोलला जातो. केवळ अशा तोललेल्यांवरून सूत्र बांधल्यास न तोललेल्या ग्रहांचे वस्तुमान फुगण्याचा संभव राहतो. २०१७ मध्ये जिंजिंग चेन व डेव्हिड किपिंग यांनी एका आकड्याऐवजी संभाव्य मूल्यांची व्याप्ती देणारी पद्धत मांडली, तिचे महत्त्व यातच आहे. ग्रह खडकाळ आहे की जलमय, याचा निर्णय वस्तुमानावर अवलंबून असतो. आणि त्रिज्येवरून वस्तुमान काढताना तो खडकाळ आहे, असे बहुधा आधीच गृहीत धरलेले असते. तेव्हा ज्या ग्रहाचे केवळ माप झाले आहे, त्याचा तोल झाला असे लिहिणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय.