गाठीतून सूत किती?

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला स्वामी समर्थ सहकारी सूतगिरणी उभी राहिली. अशा कोणत्याही गिरणीत नफ्याचा पहिला हिशेब वजनकाट्यावर होतो.

उतारा : शंभर किलो कापसामागे निघणारे सूत. भारतात कापसाची गाठ 170 किलोची. 85 टक्के उतारा म्हणजे गाठीमागे साधारण 144.5 किलो सूत. उतारा एक टक्का वाढला की गाठीमागे 1.7 किलो जास्त सूत. सुताच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापसाचाच, म्हणून हा एक टक्का मोलाचा.

घट कुठे होते?
• ब्लोरूम (कापूस मोकळा व साफ करणारा विभाग) आणि कार्डिंगमध्ये (तंतू विंचरताना) कचरा, सरकीचे तुकडे आणि आखूड तंतू गळतात. कचरा जायलाच हवा. त्याबरोबर चांगला तंतू जातो, ते खरे नुकसान.
• तंतू आणखी विंचरणाऱ्या कोंबर यंत्रातून निघणारे आखूड तंतू म्हणजे नॉइल. ते विकले जातात. ओपन-एंड सूत आणि वैद्यकीय कापसासाठी वापरतात.
• मऊ वेस्ट, म्हणजे पेळूचे तुकडे व सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमवर धागा तुटल्यावर शोषला जाणारा कापूस, पुन्हा मिश्रणात घेता येतो.
• पीळ बसलेल्या धाग्याचे तुकडे म्हणजे हार्ड वेस्ट. ते आधी पिंजावे लागतात. सर्वांत महाग घट हीच, कारण त्यावर वीज व मजुरी खर्च झालेली असते.
• अदृश्य घट : उडालेला तंतू आणि सुकलेला ओलावा.

घट जिथे होते तिथेच थांबवण्याचे उदाहरण विणकामात सापडते. धागा तुटताच थांबणारा माग : जपानच्या साकिची टोयोडा यांचा, 1924. सदोष कापड पुढे जाऊ न देण्याचे हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटारनिर्मितीत आले. तिथल्या ताइइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार मांडले. त्यांत गरजेपेक्षा जास्त उत्पादनही आहे.