प्रत्येक इंजिनाला स्वतःची मुखत्यारी

खोपोलीच्या शिळफाट्यावर उभा राहून सह्याद्रीच्या भिंतीकडे पाहणारा मनुष्य बहुधा जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्याचा आणि पुढच्या घाटाचा विचार करीत असतो. परंतु या मुलखाचे अर्वाचीन भाग्य ज्याने घडवले तो लोहमार्ग होय. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खोपोलीपर्यंत येऊन डोंगरापाशी अडला, १८५८ साली वरचा खंडाळा-पुणे मार्ग खुला झाला, आणि मधला घाट चढण्यासाठी उतारूंना पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय यांचाच आश्रय करावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भोरघाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा ही पायपीट संपली. मात्र सदतीस फुटांत एक फूट अशी जी चढण अभियंत्यांना पत्करावी लागली, तिने एक कायमचा बंदोबस्त मागितला. कर्जतला गाडी थांबते, फलाटावर वडेवाल्यांची लगबग चालते, आणि त्या अवधीत गाडीच्या शेपटाला बँकर इंजिने जोडली जातात, जी तिला लोणावळ्यापर्यंत मागून रेटीत नेतात. पुढे ओढणारे एक इंजिन, मागे ढकलणारी दोन किंवा तीन, आणि या सर्वांचे चालक निरनिराळे: एका गाडीवर इतक्या जणांचा अंमल आपल्या राज्यात कसारा आणि कर्जत येथल्या दोन घाटांतच नित्य पाहावयास मिळतो.

हे सारे एखाद्याला आपल्या घरातील फळीवर, प्रतिकृतीच्या रूपाने उभे करावयाचे असेल, तर काय करावे लागेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रतिकृतींचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण म्हणजे एचओ, अर्थात एकास सत्त्याऐंशी. या प्रमाणात सुमारे २५ किलोमीटर लांबीचा आणि ५५८ मीटर उंची चढणारा भोरघाट पुरता उभारावयाचा म्हटला तर त्याला २९० मीटर लांबी आणि साडेसहा मीटरांच्या आसपास उंची लागेल. अर्थात कोणाही गृहस्थाच्या दिवाणखान्यात हे सामावणारे नव्हे. म्हणून छांदिष्ट मनुष्य त्यातला एक तुकडा निवडतो, ठाकूरवाडी ते मंकी हिल यांमधला एखादा बोगदा आणि एखादा पूल, आणि साडेतीन मीटर लांबीच्या भिंतीलगत साडेनऊ सेंटिमीटरांची चढण बांधतो, म्हणजे मूळ घाटाचे चढणीचे प्रमाण तंतोतंत राखले जाते. रुळांच्या रुंदीत मात्र तडजोड करावी लागते. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, म्हणजे युरोपीय मार्गाच्या मापाचे असतात. आपल्या १६७६ मिलिमीटरांच्या रुंद मार्गाला वस्तुतः १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर हवे. बहुतेक जण ही उणीव सोसतात, आणि मला ती सोसण्याजोगी वाटते. बँकर इंजिनांची अडचण मात्र अशी दृष्टिआड करता येत नाही, कारण तीच या घाटाची खूण आहे.

जुन्या पद्धतीत, जिला छांदिष्ट मंडळी डीसी किंवा अॅनालॉग म्हणतात, रुळांतच बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला जातो. विद्युत्दाब वाढवला की इंजिन वेगाने धावते, प्रवाहाची दिशा उलटवली की मागे फिरते. या पद्धतीत हुकूम इंजिनाला दिलेला नसतो, तो रुळाला दिलेला असतो, आणि त्या रुळावर जी जी इंजिने उभी असतील त्या सर्वांना तो एकाच वेळी लागू पडतो. एक इंजिन थांबवून दुसरे चालवावयाचे तर मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कळ बसवावी लागते. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या व्यासंगातून उभारलेले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अनेक गाड्या, सिग्नल आणि दिवे एकमेकांशी मेळ राखून चालवण्यामागे किती तारा, किती कळा आणि केवढी चिकाटी लागते याची कल्पना येईल. परंतु कितीही कळा बसवल्या तरी एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या इंजिनाला एकाच क्षणी वेगवेगळी आज्ञा देणे त्या पद्धतीत दुष्कर राहते. बँकर मागून येऊन गाडीला हलकेच टेकतो, मग रेटू लागतो, आणि लोणावळ्यास सुटून निघतो, हा सारा व्यवहार तिच्या आवाक्याबाहेरचा होता.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न बराच काळ चालू होते. इंग्लंडातील हॉर्नबी कंपनीने १९७९ साली झिरो-वन नावाची योजना काढली, जर्मनीतील मेर्क्लिनने पुढच्या दशकात आपली पद्धत आणली; पण प्रत्येकाचा कायदा वेगळा असल्याने एकाचे इंजिन दुसऱ्याच्या हुकमतीत चालेना. अखेर जर्मनीतीलच लेन्झ कंपनीने तयार केलेल्या योजनेला आधार धरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ साली डीसीसी या नावाचे सामायिक नियम मंजूर केले, आणि ते कोणालाही वापरता येतील असे खुले ठेवले. माझ्या मते या छंदाच्या इतिहासात याहून अधिक दूरदृष्टीचा निर्णय झालेला नाही, कारण त्या काळी इंजिनात बसवलेला डिकोडर, म्हणजे संदेश उलगडणारा घटक, आजच्या नियंत्रकाचाही हुकूम मानतो.

त्याची रचना अशी. रुळांत आता नेहमीच सुमारे १५ व्होल्टचा दाब असतो, आणि त्याची दिशा सेकंदात हजारो वेळा पालटत राहते. या पालटांतच संदेश गुंफलेला असतो: अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो 'एक', शंभर किंवा त्याहून अधिकांचे असेल तर तो 'शून्य'. एकामागून एक किमान चौदा 'एक' आले की संदेश येत असल्याची वर्दी मिळते. मग इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा, आणि शेवटी आधीचे आकडे बिनचूक पोचले की नाही हे पडताळणारा एक आकडा, असा सारा मजकूर सहा-सात सहस्रांश सेकंदांत पार पडतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर बसवलेला असतो. तो रुळांतून वाहणारा प्रत्येक संदेश वाचतो, पण ज्यावर स्वतःचा क्रमांक असेल तेवढ्याचीच तामिली करतो, आणि रुळांतल्या विजेतून मोटारीला हवी तेवढी वीज तोडून तोडून देतो. अशा रीतीने रुळाकडची मुखत्यारी इंजिनाकडे आली. दहा हजारांहून अधिक क्रमांक वापरण्याची मुभा या नियमांत असल्याने, खऱ्या इंजिनाच्या अंगावर रंगवलेला पाच आकड्यांचा क्रमांक पुरता नसला तरी त्याचे शेवटचे चार आकडे प्रतिकृतीला देता येतात.

घाटातल्या गाडीच्या दृष्टीने या डिकोडरचे जे गुण मोलाचे आहेत त्यांतला पहिला म्हणजे भाराची जाणीव. मोटार फिरत असताना ती स्वतःही थोडी वीज निर्माण करते. डिकोडर क्षणाच्या अत्यल्प भागापुरता पुरवठा थांबवून ही उलट वीज मोजतो, त्यावरून खरा वेग ताडतो, आणि चढणीवर वेग घटू लागला की आपण होऊन जोर वाढवतो. एकट्या इंजिनाला हे वरदान ठरते. परंतु पुढे एक आणि मागे तीन इंजिने असली, आणि प्रत्येक जण आपलाच वेग खरा मानून तो हट्टाने राखू लागला, तर ती एकमेकांशी झगडतात. मधले हलके डबे वळणावर रुळांबाहेर ढकलले जातात किंवा ताणले जाऊन आत कलंडतात. म्हणून डिकोडरच्या दप्तरातील नोंदी, ज्यांना सीव्ही म्हणतात, फार विचारपूर्वक भराव्या लागतात: दुसऱ्या नोंदीत निघतानाचा दाब, तिसरीत वेग वाढण्याची संथता, चौथीत तो ओसरण्याची, आणि ६७ पासून ९४ पर्यंतच्या नोंदींत प्रत्येक पायरीचा वेग. अनुभवी लोक सर्व इंजिने एकाच वेगाने धावतील अशी आधी जुळवून घेतात आणि मग बँकरांची भाराची जाणीव मुद्दाम बोथट करतात, म्हणजे ती पुढच्याच्या कलाने रेटतात. कर्जतच्या चालकांना जे अंगवळणी पडलेले असते ते येथे आकड्यांत लिहावे लागते, आणि हे लिहिण्यात एखाद्याची पावसाळ्याची रजा आनंदात निघून जाते.

आता आवाजाकडे वळू, कारण आवाजावाचून घाट मुका आहे. ध्वनियुक्त डिकोडरमध्ये खऱ्या इंजिनाच्या नोंदलेल्या ध्वनीचे तुकडे साठवलेले असतात: सुरू होताना, उभे असताना, प्रत्येक पायरीवर, आणि थांबताना. डिकोडर वेग व भार पाहून हे तुकडे असे सांधतो की जोड ऐकू येऊ नये. दोन सिलिंडरांचे वाफेचे इंजिन चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात चार फुत्कार टाकते, आणि माथेरानच्या १९०७ सालच्या मार्गावरील छोट्या इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याला हे चार फुत्कार चाकाशी जुळवल्याखेरीज समाधान मिळत नाही. डिझेल इंजिनाचे वेगळे: त्याचा घोष आधी चढतो आणि चाके नंतर हलतात, आणि हा मधला क्षण नीट साधला तर चिमुकल्या खेळण्याला शंभर टनांचे वजन आल्याचा भास होतो. शिट्टीचेही तसेच. घाटात निघण्यापूर्वी पुढचे इंजिन एक आखूड शिट्टी देते आणि मागचे तशाच शिट्टीने पोच देते. ही प्रश्नोत्तरे दोन डिकोडरांत दोन निराळ्या शिट्ट्या भरून घरातही घडवता येतात. ध्वनिक्षेपक मात्र सुपारीएवढा असतो, आणि त्याच्या पुढच्या व मागच्या बाजूंनी निघणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. म्हणून त्याला मागून हवाबंद पेटी लावणे आवश्यक आहे. पेटीवाचून बसवलेला महागडा ध्वनिक्षेपक पेटीतल्या स्वस्त ध्वनिक्षेपकाहून क्षीण वाजतो, हे नवशिक्यांना मी आवर्जून सांगतो.

अलीकडे या व्यवस्थेत ब्लूटूथचा प्रवेश झाला आहे. बाखमन कंपनीने काही इंजिने थेट भ्रमणध्वनीवरून चालतील अशी काढली, आणि २०२३ पासून हॉर्नबीने एचएम ७००० नावाचे डिकोडर आणले, जे ब्लूटूथवरूनही हुकूम घेतात आणि डीसीसीवरूनही. यात आज्ञा रुळांतून न जाता हवेतून जाते, रुळांकडे फक्त वीज पुरवण्याचे काम राहते, आणि ध्वनींचा नवा संच भ्रमणध्वनीवरूनच डिकोडरमध्ये उतरवता येतो. कर्जत-खालापूरकडे ज्याचे घर आहे त्याला याचे महत्त्व विशेष जाणवेल. आपल्याकडील पावसाच्या महिन्यांत रूळ काळवंडतात, चाकांवर मळ बसतो, आणि रुळांतून येणारा संदेश वाटेतच तुटतो. हवेतून येणाऱ्या संदेशाला हे विघ्न नाही. वीजच तुटली तर अर्थात इंजिन थांबणारच, म्हणून डिकोडरला जोडून एक धारित्र, म्हणजे क्षणभराची शिल्लक राखणारा कॅपॅसिटर, लावण्याची शिफारस सर्वच जाणकार करतात. रूळ अल्कोहोलने पुसण्याची सवयही सोडू नये. नव्याने छंद लागलेल्या मुलाला हजारोंचे नियंत्रण यंत्र न घेता घरातल्या भ्रमणध्वनीवर गाडी चालवता यावी, हा लाभ मी फार मोठा मानतो. पण सर्वस्वी ब्लूटूथवर विसंबून राहण्याचा सल्ला मी देणार नाही. प्रत्येक कंपनीचे अॅप तिच्या मालकीचे असते, आणि अॅप बंद पडले तर चांगले इंजिन आज्ञेवाचून उभे राहील. दोन्ही हुकूम मानणारा डिकोडर घ्यावा.

एक उणीव मात्र यंत्राने भरून निघणारी नाही. आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याला अमेरिकेतील आल्को कंपनीच्या इंजिनाचा ध्वनी उसना मिळतो, कारण दोहोंच्या पोटातले यंत्र एकाच कुळातले. परंतु १९२९ साली घाटाचे विद्युतीकरण झाले तेव्हा जी लांब नाकाडाची, चाकांना दांडे जोडलेली डब्ल्यूसीजी-१ इंजिने आली, ज्यांना कामगार खेकडा म्हणत, आणि त्यांच्यानंतर चित्तरंजनमध्ये बांधलेली जी डब्ल्यूसीजी-२ बँकर म्हणून वर्षानुवर्षे कर्जतला तैनात होती, त्यांचा ध्वनी उसना कोठून आणणार? पंधराशे व्होल्टचा जुना एकदिश प्रवाह गेल्या दशकात मुंबईच्या मुख्य मार्गावरून गेला, आणि त्याबरोबर यांतली डब्ल्यूसीजी-२ इंजिनेही कामावरून गेली. जुन्या चित्रफितींत या इंजिनांच्या ध्वनीचे तुकडे सापडतात, पण त्यांत फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि फलाटावरच्या घोषणा मिसळलेल्या असतात, आणि डिकोडरला तर निर्भेळ ध्वनी लागतो.

आज बँकरचे काम करणारी डब्ल्यूएजी-७ इंजिनेही कायमची नाहीत. त्यांच्या पंख्यांचा घोष, चालकाने पायरी वाढवली की आतून उमटणारे खटके, गाडीला टेकतानाचा कपलिंगचा आघात, ब्रेकमधून सुटणारी हवा, आणि चढणीच्या अखेरच्या टप्प्यात मोटारींचा बदललेला सूर, या प्रत्येकाची वेगळी नोंद, इंजिन एकटे उभे असताना आणि मग भाराखाली असताना, रेल्वे प्रशासनाची रीतसर परवानगी घेऊन करता येण्याजोगी आहे. त्यासाठी एक चांगले ध्वनिमुद्रण यंत्र, वाऱ्यापासून मायक्रोफोनला आडोसा, आणि प्रत्येक ध्वनी निदान अर्धा मिनिट अखंड मिळवण्याचा धीर एवढीच सामग्री पुरते; आणि हे काम पावसाळा उघडल्यानंतर, कर्जतच्या यार्डात इंजिने गाडीची वाट पाहत उभी असतात त्या वेळी आरंभावे.