वर्तमानपत्र पिवळं का पडतं?

उन्हात राहिलेलं वर्तमानपत्र चार दिवसांत पिवळं पडतं, वहीचा कागद मात्र पांढराच राहतो. हा फरक लिग्निनचा: वर्तमानपत्राच्या कागदात ते राहतं आणि उन्हाने पिवळं पडतं, वहीच्या कागदासाठी ते काढून टाकतात. लाकडात सेल्युलोजचे धागे म्हणजे सळ्या, तर लिग्निन म्हणजे त्यांना धरून ठेवणारं सिमेंट. न्यूझीलंडमध्ये टोकोरोआजवळ १९५०च्या दशकात उभ्या राहिलेल्या किनलीथ लगदा गिरणीत रेडिएटा पाइनच्या चिपा क्षारयुक्त द्रावणात दाबाखाली शिजवतात. धागे मोकळे होतात आणि लाकडाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त असलेलं लिग्निन काळ्या, दाट रसात उतरतं.

हे लिग्निन रसातून वेगळं काढून वापरता येतं. कुणी म्हणेल, गिरण्या हा रस जाळून वाफ आणि वीज करतात, रसायनंही परत मिळवतात. मग त्यातून लिग्निन काढायचं कशाला? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच सगळं लिग्निन काढू नये. पण पुष्कळ गिरण्यांत रस जाळणारा बॉयलरच अपुरा पडतो आणि उत्पादन तिथेच अडतं. थोडं लिग्निन आधीच काढलं, तर त्याच बॉयलरवर जास्त लगदा निघतो. काढण्याची रीतही ओळखीची: लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, तसा या रसात कार्बन डायऑक्साइड सोडला की लिग्निन साकळतं. गाळून, आम्लाच्या पाण्याने धुऊन, वाळवल्यावर हातात येते तपकिरी भुकटी. प्लायवूडच्या डिंकात खनिज तेलापासून बनणाऱ्या फिनॉलची जागा ती काही अंशी घेऊ शकते. न्यूझीलंडमधल्याच रोटोरुआच्या सायन या वनसंशोधन संस्थेने अशा डिंकांवर काम केलं आहे. झाडात धागे जोडणारा पदार्थ पुन्हा लाकूडच जोडतो.