कौन्सिलचा नकाशा, आणि त्यात आपण कुठे?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना कौन्सिलकडून अधूनमधून एक निरोप येतो: नवा लोकल प्लॅन तयार होतोय, तुमचं मत कळवा. कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांची एखादी शाखा तिकडे स्थायिक झालेली आहे. त्यांना विचारून पहा, बहुतेक जण सांगतील की असलं काही आपण उघडूनही पाहत नाही. शेकडो पानं, रंगीत नकाशे, आणि भाषा अशी की तिथे जन्मलेली मुलंसुद्धा कंटाळतात.

पण लोकल प्लॅन म्हणजे आपल्या महापालिकेचा डीपी समजा. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत घरं कुठे उठणार, ती किती खोल्यांची असणार, बाजार राहणार की जाणार, मस्जिदीच्या वाढीव बांधकामाला कोणत्या नियमाने परवानगी मिळणार किंवा नाकारली जाणार, कब्रस्तानाला जमीन ठेवली आहे की नाही, हे सगळं त्यात ठरतं. एकदा प्लॅन मंजूर झाला की पुढचे अर्ज त्याच कसोटीवर तपासले जातात. मग ट्रस्टी मंडळी अर्ज घेऊन कितीही खेटे घालोत, अधिकारी प्लॅनमधल्या धोरणाकडे बोट दाखवतात.

या प्लॅनसोबत कौन्सिल सहसा आणखी एक कागद जोडते. त्याचं नाव इक्वॅलिटी इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे समानतेवरच्या परिणामांची तपासणी. आपल्या कामाचा कागद खरं तर हाच.

हा कायदा आला कुठून

1993 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा बसस्टॉपजवळ वर्णद्वेषातून खून झाला. पोलिसांनी तपास इतका ढिसाळ केला की पुढे मॅक्फर्सन चौकशी बसली. 1999 च्या तिच्या अहवालाने लंडन पोलिसांत संस्थात्मक वर्णद्वेष असल्याचं स्पष्ट म्हटलं. म्हणजे एखादा अधिकारी वाईट आहे एवढ्यावर गोष्ट संपत नाही. संस्थेची रोजची पद्धतच काही लोकांवर अन्याय करत असू शकते. त्यानंतर 2000 च्या दुरुस्तीने सार्वजनिक संस्थांवर वंशसमानतेचं कर्तव्य आलं. मग इक्वॅलिटी अॅक्ट 2010 आला आणि त्याच्या कलम 149 ने हे कर्तव्य धर्म, वय, अपंगत्व, लिंग, गरोदरपण अशा इतर बाबींपर्यंत वाढवलं. 5 एप्रिल 2011 पासून ते लागू आहे.

कलम सांगतं ते थोडक्यात असं. कोणतंही काम करताना सार्वजनिक संस्थेने तीन गोष्टींची योग्य दखल घ्यायची: भेदभाव दूर करणं, सर्वांना समान संधी मिळेल असं पाहणं, आणि वेगवेगळ्या समाजांत चांगले संबंध वाढवणं.

‘योग्य दखल’ हे शब्द नीट लक्षात ठेवायला हवेत. कायदा कौन्सिलला सांगत नाही की अमुकच निर्णय घे. तो सांगतो की निर्णय घेण्याआधी कोणावर काय परिणाम होईल ते डोळसपणे बघ. इंग्लंडमध्ये असेसमेंटचा कागद तयार करणं स्वतःहून सक्तीचं नाही. दखल घेतल्याचा पुरावा म्हणून कौन्सिल तो करतात. आणि पुरावा लागतोच. 2008 च्या ब्राउन खटल्यात कोर्टाने सांगून ठेवलंय की ही तपासणी निर्णयाआधी आणि निर्णयाच्या वेळी, मोकळ्या मनाने आणि खऱ्या अर्थाने व्हायला हवी. नुसत्या चौकटीत टिक मारून ती होत नाही, आणि निर्णय झाल्यावर त्याचं समर्थन म्हणून जोडूनही चालत नाही.

सेव्हन सिस्टर्सचा बाजार

याचं सर्वांत बोलकं उदाहरण उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलचं आहे. सेव्हन सिस्टर्स स्टेशनच्या डोक्यावर वॉर्ड्स कॉर्नर नावाची जुनी इमारत आहे. तिच्यातल्या बाजारात बहुसंख्य दुकानदार लॅटिन अमेरिकन, मुख्यतः कोलंबियाकडून आलेले. खाणावळी, सलून, खाटकाचं दुकान, पैसे पाठवण्याची सोय, नोकरीची खबर, पोरांना खेळायला जागा, असं सगळं तिथे. आपल्या मोहल्ल्यातला एखादा नाका आठवा. 2008 मध्ये ग्रेंजर या विकासकाला हे सगळं पाडून 197 घरं आणि दुकानं बांधायची परवानगी कौन्सिलने दिली.

स्थानिक लोक कोर्टात गेले. हॅरिस विरुद्ध हॅरिंगे या नावाने हा खटला ओळखला जातो. खालच्या कोर्टात ते हरले, पण 2010 मध्ये अपील कोर्टाने परवानगी रद्द केली. कौन्सिलने कुणाशी मुद्दाम भेदभाव केला म्हणून ती रद्द झाली नाही. या बाजारावर आणि तिथल्या घरांवर अल्पसंख्याक समाज अवलंबून आहे, हे लोकांनी हरकतींमध्ये लिहून दिलं होतं. तरीही समानतेच्या कर्तव्याच्या अंगाने त्याचा विचार झाल्याचं निर्णयाच्या कागदांत कुठे दिसत नव्हतं. त्या वेळी जुना वंशसमानतेचा कायदा लागू होता, पण तत्त्व तेच.

आता पुढचं ऐका, कारण नेमकं इथेच अनेकांची गल्लत होते. 2012 मध्ये कौन्सिलने तपासणी करून पुन्हा परवानगी दिली. म्हणजे कायदा पाळला, आणि बाजार तरीही धोक्यातच राहिला. दुकानदारांनी आणखी बरीच वर्षं लढा दिला, 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनीही चिंता व्यक्त केली, आणि शेवटी 2021 मध्ये विकासकानेच प्रकल्प सोडला. कलम 149 ने त्यांना विजय दिला नाही. त्याने त्यांना वेळ दिला, आणि आपलं म्हणणं अधिकृत कागदावर आणण्याची जागा दिली. माझ्या मते हेही काही कमी नाही.

नियम सर्वांना सारखा, भार मात्र आपल्यावर

मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत हा परिणाम कुठे लपलेला असतो ते पाहू.

दफनाचं घ्या. ब्रिटनमध्ये चारपैकी तीनांहून जास्त मृतांचं दहन होतं. त्यामुळे ‘शहरात शवदाहिनी पुरेशा आहेत, नव्या दफनभूमीची गरज नाही’ हे वाक्य प्लॅनमध्ये अगदी निरागस वाटतं. पण मुसलमानांना दहन चालत नाही, पारंपरिक ज्यूंनाही नाही. त्या एका वाक्याचा भार कुणावर पडतो ते सांगायला नको. त्यात दफनभूमी पुरवणं हे तिथल्या कौन्सिलचं कायदेशीर बंधन नाही. तो फक्त अधिकार आहे. म्हणून प्लॅनमध्ये जमीन दाखवून घेणं फार महत्त्वाचं. दूरच्या गावी जागा आहे असं उत्तर मिळालं तर विचारावं लागतं की मय्यत लवकरात लवकर दफन करायची तर हिवाळ्यात, जेव्हा चार वाजता अंधार पडतो, तेव्हा जनाजा तिथे वेळेत कसा पोहोचणार? कबरीची दिशा किब्ल्याला धरून आखायची तर तुकड्याचा आकारही बघावा लागतो. भूजलाची पातळी वर असेल तर जमीन मोठी असूनही उपयोगाची नाही. शहराभोवतीच्या ग्रीन बेल्टमध्ये, जागेचा मोकळेपणा टिकवून, दफनभूमीला वाव आहे. राष्ट्रीय नियोजन धोरणात तसं लिहिलेलं आहे. हे मस्जिद कमिटीने माहीत करून घेतलेलं बरं.

घरांचं तसंच. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये 39 लाखांच्या आसपास मुसलमान नोंदले गेले, लोकसंख्येच्या 6.5 टक्के. त्यांतले 32.7 टक्के लोक गर्दीच्या घरात राहतात; एकूण लोकसंख्येत हे प्रमाण 8.4 टक्के आहे. आई-वडील, मुलं, दादी एकत्र, आणि खोल्या दोन. अशा भागात प्लॅनने एक-दोन बेडरूमच्या फ्लॅटवरच भर दिला तर घरांचा आकडा छान दिसेल, आपल्या कुटुंबांचा प्रश्न मात्र जागेवर राहील.

टेकअवेवरच्या नियमाला दुसरी बाजूही आहे, ती मान्य करायला हवी. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरात नवी टेकअवे नकोत, हे धोरण लंडन प्लॅनमध्ये आहे, तिथे मर्यादा 400 मीटरची आहे. या धंद्यात बांगलादेशी, पाकिस्तानी, तुर्की कुटुंबं खूप. पण त्या शाळांत जाणारी, वजन वाढलेली मुलंही बऱ्याचदा त्यांचीच. चांगली तपासणी दोन्ही गोष्टी लिहिते आणि मग सांगते की आम्ही अमुक कारणाने हा मार्ग निवडला.

वाईट तपासणी ओळखायची सोपी खूण आहे. रकान्यामागून रकान्यात ‘सर्वांवर सकारात्मक परिणाम’ असं लिहिलेलं असतं. धर्माच्या रकान्यात ‘तटस्थ’ दिसलं तर तिथे थांबा आणि दफनभूमीचं पान उघडा.

मत कसं लिहायचं

‘आमच्या समाजावर अन्याय होतोय’ एवढं लिहून अधिकाऱ्याला काही करता येत नाही. धोरणाचा क्रमांक लिहावा, त्याचा कुणावर काय परिणाम होतो ते आकड्यानिशी सांगावं, आणि कोणतं वाक्य बदलून काय हवंय तेही द्यावं. मस्जिद कमिटीच्या वहीत वर्षाला किती जनाजे झाले, किती दफन शहराबाहेर न्यावे लागले, हे असतंच. जनगणनेत ते सापडणार नाही. कौन्सिलकडे ती माहिती पोहोचलीच नाही तर तिने दखल घेतली नाही असं कोर्टात म्हणणंही अवघड जातं. बायकांनी वेगळं लिहावं. बागेतला उजेड, बसस्टॉपपासूनची वाट, नमाजाच्या जागेत त्यांच्यासाठी सोय, या गोष्टी कमिटीच्या पत्रात सहसा राहून जातात.

प्लॅन स्वतंत्र निरीक्षकापुढे जाण्याआधी हरकतींसाठी किमान सहा आठवडे मिळतात. प्लॅनमध्ये बदल मागणाऱ्याला निरीक्षकापुढे तोंडी बोलण्याचाही हक्क आहे, पण तशी मागणी लेखी करावी लागते. मंजुरीनंतर कोर्टात जायचं तर पुन्हा सहाच आठवडे. रमजान मध्ये आला, ईद आली, ही सबब चालत नाही.

आणि आपल्याकडे?

आपला नगररचनेचा कायदा याच घराण्यातला. ब्रिटनमध्ये 1909 चा टाउन प्लॅनिंग कायदा झाला आणि त्याच्या पाठोपाठ 1915 मध्ये मुंबई प्रांताचा. आज महाराष्ट्रात 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा चालतो. त्यात कलम 149 सारखं काही नाही. डीपीमुळे कोणत्या समाजावर, स्त्रियांवर, अपंगांवर काय परिणाम होईल याची तपासणी करायची सक्ती महापालिकेवर नाही.

पण कलम 26 खाली मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि कलम 28 खाली नियोजन समिती सुनावणी घेते. त्याही आधी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा बनतो. पहिली ठेच इथेच लागते. जुनं कब्रस्तान किंवा इदगाह त्या नकाशात मोकळी जागा म्हणून दिसली, तर पुढे तिच्यावरून रस्ता जायला वेळ लागत नाही. मुंबईच्या 2015 च्या मसुद्यात चुका इतक्या निघाल्या की तो नव्याने करावा लागला, आणि त्या चुका लोकांनीच दाखवून दिल्या होत्या. म्हणून मसुदा येईपर्यंत थांबू नका. ट्रस्टने सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, वक्फ नोंदणीचा उतारा आणि दफनाच्या नोंदवहीच्या प्रती आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. हरकतीची मुदत जाहिरातीत छापलेली असते, आणि सुनावणीला कुणीतरी एकजण ती फाइल घेऊन वेळेवर हजर लागतो.